पराक्रम झाला, पण नोंद कुठे?
युद्धपदके सेवापुस्तिकेतून कशी गहाळ होतात आणि ती परत मिळवण्यासाठी माजी सैनिकांना काय करावे लागते?

विशेष प्रतिनिधी

सैनिकाच्या छातीवरचे पदक साऱ्या जगाला दिसते. त्या पदकाचा आधार मात्र सरकारी दप्तरातील एक ओळ असते. ती ओळ लिहायची राहून गेली, चुकीची लिहिली गेली किंवा लिहिलेला कागदच नष्ट झाला, तर रणांगणावर जखमी झालेला सैनिक कागदोपत्री रणांगणावर गेलेलाच नसतो. अमेरिकेत दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम येथे लढलेल्या असंख्य सैनिकांच्या बाबतीत असे घडले आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात, कधी मृत्यूनंतर मुलानातवंडांकरवी, ही ओळ दुरुस्त करून घेण्याची खटपट त्यांना करावी लागते. त्यासाठी अमेरिकेने उभी केलेली यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे.

हेन्री जॉन्सन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या ३६९ व्या पायदळ रेजिमेंटमधील या कृष्णवर्णीय सैनिकाने मे १९१८ मध्ये फ्रान्समधील आर्गोन भागात रात्रीच्या पहाऱ्यावर असताना जर्मन तुकडीचा हल्ला परतवून लावला. प्रत्यक्ष हातघाईच्या त्या लढाईत त्यांना २१ जखमा झाल्या. फ्रान्सने त्यांना 'क्रॉइ द गेर' हे शौर्यपदक दिले. त्यांच्या अमेरिकी सेवामुक्तीच्या कागदांत मात्र या जखमांचा उल्लेखच नव्हता. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले. युद्धात जखमी होणाऱ्यांना दिले जाणारे 'पर्पल हार्ट' त्यांना १९९६ मध्ये मरणोत्तर मिळाले आणि 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वोच्च सन्मान त्याहून उशिरा, २ जून २०१५ रोजी. त्या लढाईला तोवर ९७ वर्षे झाली होती.

नोंद हरवते कशी?

नोंदी गहाळ होण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. पहिले कारण घाईचे. युद्ध संपताच लाखो सैनिकांना अल्पावधीत घरी पाठवावे लागते. सेवामुक्ती केंद्रावरील कारकून समोर असलेल्या कागदांवरून प्रमाणपत्र भरतो. रुग्णालयाचे कागद एका ठिकाणी, तुकडीचे कागद दुसऱ्या ठिकाणी आणि सैनिक तिसऱ्याच ठिकाणी, अशी अवस्था असते. घरच्या ओढीने आतुर झालेला तरुण त्या प्रमाणपत्रावर न वाचताच सही करतो. चूक लक्षात येते ती अनेक वर्षांनी, निवृत्तिवेतनासाठी किंवा उपचारांसाठी अर्ज करताना.

दुसरे कारण अनेकांना ठाऊक नसते. काही पदके सैनिक घरी परतल्यानंतर जाहीर होतात. व्हिएतनाममध्ये सेवा बजावलेल्या अमेरिकी लष्कराच्या तुकड्यांना दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने दिलेला 'गॅलंट्री क्रॉस' हा सामुदायिक सन्मान लष्कराने १९७४ च्या एका आदेशान्वये सरसकट लागू केला. त्याआधीच सेवामुक्त झालेल्यांच्या प्रमाणपत्रावर तो असणे शक्यच नव्हते. कोरियाचे उदाहरण आणखी विलक्षण आहे. दक्षिण कोरियाने आपले युद्धसेवा पदक अमेरिकी सैनिकांना १९५१ मध्येच देऊ केले होते. ते स्वीकारण्यास अमेरिकेने १९९९ मध्ये मान्यता दिली. युद्धकैद्यांसाठीचे पदक १९८५ मध्ये सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धापासूनच्या कैद्यांना पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाले. अशा प्रकरणांत कोणा कारकुनाची चूक नसते. मात्र नवा हक्क जुन्या कागदावर आपोआप उमटत नाही. त्यासाठी सैनिकालाच अर्ज करावा लागतो.

सेंट लुईसची आग

तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. मिसुरी राज्यात सेंट लुईस शहराजवळील ओव्हरलँड येथे लष्करी सेवानोंदींचे राष्ट्रीय केंद्र होते. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. नोंदींच्या दालनांत आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांची व्यवस्था नव्हती. आग आटोक्यात यायला २२ तास लागले आणि ती पूर्ण विझायला चार दिवसांहून अधिक काळ गेला. ती कशामुळे लागली हे कधीच निश्चित होऊ शकले नाही.

या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यांत होत्या. सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळातील हवाई दलाच्या ७५ टक्के नोंदीही जळाल्या. मात्र तेथे 'हबर्ड' या आडनावापर्यंतच्या, वर्णानुक्रमाने आधी येणाऱ्या फायली वाचल्या. म्हणजे आपली नोंद शिल्लक आहे की नाही, हे काही सैनिकांच्या बाबतीत निव्वळ आडनावाच्या आद्याक्षरावर ठरले! या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती आणि कोणत्या फायली होत्या याची सूचीही नव्हती.

आगीतून वाचलेले कागद पाण्याने भिजले होते व त्यांना बुरशी लागण्याचा धोका होता. विमानकंपनीच्या निर्वात कक्षात ते वाळवण्यात आले. सुमारे ६५ लाख फायली अशा रीतीने वाचल्या. करपलेल्या कडांच्या या फायली आजही विशेष काळजी घेऊन हाताळल्या जातात. ज्यांची फाईलच उरली नाही, त्यांची सेवा अन्य कागदांवरून पुन्हा जुळवावी लागते. शेवटच्या पगाराची पावती, तुकडीचा दररोज सकाळी लिहिला जाणारा हजेरी-अहवाल, रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी असे हे कागद असतात. दुसरे महायुद्ध व कोरियन युद्धाच्या काळातील रुग्णालयीन नोंदींच्या संगणकीय फिती १९८८ मध्ये हाती लागल्या. ज्यांच्या जखमांचा दुसरा कोणताही पुरावा राहिला नव्हता, अशांना त्यांचा मोठा आधार झाला.

दुरुस्तीचे दोन मार्ग

१९५० पासून अमेरिकी सैनिकाला सेवामुक्तीच्या वेळी 'डीडी २१४' या नावाने ओळखले जाणारे प्रमाणपत्र मिळते. त्यात पदकांसाठी स्वतंत्र रकाना असतो. नोकरी, उपचार, घरकर्ज, अगदी लष्करी इतमामातील अंत्यसंस्कार, या साऱ्यांसाठी हाच कागद पुढे करावा लागतो.

यात पदक नोंदवायचे राहिले असेल आणि त्याचा आदेश किंवा पात्रतेचा पुरावा फाईलमध्येच उपलब्ध असेल, तर काम प्रशासकीय पातळीवर होते. सैनिकाने नोंदणी केंद्राकडे किंवा आपल्या सेनादलाकडे अर्ज करायचा, अधिकाऱ्यांनी फाईल तपासायची आणि 'डीडी २१५' हे दुरुस्तीपत्र द्यायचे, अशी ही पद्धत आहे. मूळ प्रमाणपत्रात खाडाखोड होत नाही. दुरुस्तीपत्र त्याला जोडले जाते व दोन्ही मिळून सैनिकाची अधिकृत नोंद ठरते. मार्ग सोपा असला तरी जलद असतोच असे नाही. करोनाकाळात केंद्रातील कामकाज थंडावल्याने २०२२ मध्ये प्रलंबित अर्जांची संख्या सहा लाखांवर गेली होती. ती थकबाकी संपायला २०२४ उजाडले.

फाईलमध्ये पुरावा नसेल किंवा अधिकाऱ्यांनी नकार दिला असेल, तर नोंददुरुस्ती मंडळाचे दार ठोठावावे लागते. पूर्वी अशा दुरुस्तीसाठी अमेरिकी काँग्रेसला एकेका व्यक्तीच्या नावाने खासगी कायदे करावे लागत. हा भार कमी करण्यासाठी १९४६ च्या कायद्याने ही मंडळे अस्तित्वात आली. त्यांचे सदस्य गणवेशातील अधिकारी नसून नागरी कर्मचारी असतात. 'चूक दुरुस्त करणे किंवा अन्याय दूर करणे' हे त्यांचे कायद्याने ठरवून दिलेले काम आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा, असा नियम आहे. मात्र न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करू शकते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची प्रकरणे आजही विचारात घेतली जातात, ती या तरतुदीमुळे.

पुराव्याचे ओझे सैनिकावरच

मंडळासमोर अर्जदाराची कसोटी लागते. सरकारी नोंद बरोबर आहे असे गृहीत धरूनच मंडळ सुरुवात करते. ती चुकीची आहे हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. 'पर्पल हार्ट'साठी साधारणपणे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. जखम शत्रूच्या कारवाईमुळे झाली, तिच्यावर वैद्यकीय उपचार करावे लागले आणि त्या उपचारांची नोंद झाली. यातील तिसऱ्या अटीवर अनेक अर्ज अडतात. खंदकात स्वयंसेवकाने पट्टी बांधली आणि सैनिक पुन्हा लढायला गेला, तर कागद कोण लिहिणार? हिमदंशासारख्या, थंडीमुळे होणाऱ्या इजा तर या पदकासाठी धरल्याच जात नाहीत. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला होणारी, बाहेरून न दिसणारी इजा कोणत्या परिस्थितीत ग्राह्य धरायची, याचे स्पष्टीकरण अमेरिकी भूदलाने २०११ मध्ये केले.

सैनिकाचे स्वतःचे कथन पुरेसे मानले जात नाही. तुकडीचा दैनंदिन अहवाल, जखमींची यादी, त्या काळी घरी आलेली तार, रुग्णालयाचे कागद आणि ज्यांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिला अशा सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे यांना वजन असते. येथे काळ सैनिकाच्या विरोधात उभा असतो. कागद जुने होतात आणि साक्षीदार एकेक करून जग सोडून जातात.

शौर्यपदकांची वाट आणखी बिकट असते. मोहिमेचे पदक हा पात्रतेचा प्रश्न असतो. अमुक काळात अमुक ठिकाणी सेवा बजावली हे दाखवले की पुरे. शौर्यपदकासाठी मात्र त्या वेळी वरिष्ठांनी शिफारस केलेली असावी लागते व तिला मुदतीचे बंधन असते. १९९६ पासून काँग्रेसचा सदस्य मुदत उलटलेल्या शिफारशीचाही विचार करण्याची विनंती संबंधित सेनादलाला करू शकतो. हेन्री जॉन्सन यांच्या प्रकरणात जनरल पर्शिंग यांचा मे १९१८ चा एक संदेश संशोधनात हाती आला. त्यात या लढाईची दखल घेतलेली होती. त्यानंतर काँग्रेसने मुदतीची अट शिथिल केली आणि सन्मानाचा मार्ग मोकळा झाला. प्रत्येक सैनिकाच्या वाट्याला असा संदेश येत नाही.

केवळ मानाचा प्रश्न नव्हे

इतक्या वर्षांनी एका पदकासाठी एवढी धडपड कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे एक उत्तर व्यवहारात आहे. 'पर्पल हार्ट'धारकाला माजी सैनिकांच्या रुग्णालयांत वरच्या प्राधान्यगटात स्थान मिळते व केंद्र सरकारच्या नोकरभरतीत जादा गुण मिळतात. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सेवेबद्दल हे पदक मिळवणाऱ्यांना २०१८ पासून शिक्षणाचे पूर्ण लाभ लागू झाले. युद्धामुळे जडलेल्या मानसिक विकाराचा दावा करणाऱ्या सैनिकाकडे लढाईत भाग घेतल्याचे पदक असेल, तर तो प्रसंग घडला की नाही हे त्याला वेगळे सिद्ध करत बसावे लागत नाही. म्हणजे गहाळ झालेली ओळ ही कित्येकदा नाकारलेल्या उपचारांचे कारण ठरते.

दुसरे उत्तर कुटुंबांकडे आहे. सैनिक हयात नसल्यास जोडीदार, मुले, भावंडे असे निकटचे नातलग नोंदी मागवू शकतात. सेवामुक्तीला ६२ वर्षे झाल्यावर ती फाईल अभिलेखागाराची होते व कोणालाही पाहता येते. युद्धाविषयी घरात चकार शब्द न काढणाऱ्या वडिलांनी नेमके काय सोसले, हे अनेक मुलांना अशा फाईलमधूनच प्रथम कळते.

आपल्याकडील माजी सैनिकांनी

भारतीय सैनिकाच्या सेवेची नोंद त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांसाठी हे कार्यालय बेळगावला आहे. सेवामुक्तीच्या वेळी मिळणारे डिस्चार्ज बुक हा आपल्याकडील कळीचा दस्तऐवज. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार व रक्षा पदक, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम पदक, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार व ऑपरेशन विजय पदक देण्यात आले. यांपैकी आपल्या हक्काचे पदक डिस्चार्ज बुकात नसेल, तर प्रथम अभिलेख कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साह्य घेता येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये आपल्या नोंदींची माहितीही मागता येते. दाद न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. मात्र तेथेही मुदतीचे बंधन असल्याने विलंब झाला असल्यास त्याची समाधानकारक कारणे द्यावी लागतात.

सेंट लुईसच्या आगीने शिकवलेला धडा दोन्ही देशांना सारखाच लागू पडतो. सरकारी दप्तर सुरक्षित आहे असे समजून निर्धास्त राहू नये. डिस्चार्ज बुक, बदलीचे आदेश, रुग्णालयाचे कागद, जुनी पत्रे व तारा यांच्या प्रती घरात दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि घरातील वृद्ध सैनिकाला त्याच्या तुकडीचे नाव, क्रमांक, तारखा व सोबत्यांची नावे आजच विचारून लिहून घ्यावीत. पुढे कधी दप्तरातील ती ओळ दुरुस्त करून घ्यायची वेळ आलीच, तर मंडळ किंवा न्यायाधिकरण नेमके हेच कागद मागेल.