लुझर्न : पाण्याच्या वाटेने अर्धा दिवस

युरोपच्या सहलीत लुझर्नच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धाच दिवस येतो. उरलेला दिवस टिटलिस शिखराच्या बर्फाला दिलेला असतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या गटाला सिंहाच्या शिल्पापाशी 15 मिनिटं मिळाली, लाकडी पुलाशी 10 आणि घड्याळांच्या दुकानात सव्वा तास. बस सुटली तेव्हा हे गाव इथेच का वसलं असेल, हा साधा प्रश्नही मनात आला नव्हता. दोन वर्षांनी आत्याला घेऊन पुन्हा गेले. तेव्हाही हातात अर्धाच दिवस होता. पण या वेळी पाण्याचा माग काढत हिंडायचं ठरवलं होतं, आणि सोबत जन्मभर पाण्याचा हिशेब ठेवत आलेली बाई होती.

लुझर्नचं रेल्वे स्थानक थेट सरोवराच्या काठावर आहे. जुनी इमारत 1971 च्या फेब्रुवारीत जळाली. तिची दगडी कमान तेवढी आजही बाहेरच्या चौकात उभी आहे. कमानीतून बाहेर पडलं की उजव्या हाताला ज्याँ नुव्हेल या फ्रेंच वास्तुरचनाकाराने उभारलेलं संगीत आणि कला केंद्र दिसतं. त्याचं विस्तीर्ण सपाट छत पाण्याच्या दिशेने पुढे आलेलं आहे. समोर सरोवर. जर्मन नावाचा अर्थ ‘चार वनप्रांतांचं सरोवर’. क्षेत्रफळ सुमारे 114 चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी 214 मीटर पाणी. गोटहार्ड घाटाच्या परिसरात उगम पावणारी रॉइस नदी फ्लुएलेनजवळ या सरोवरात शिरते आणि बरोबर लुझर्नमध्ये बाहेर पडते. पुढे ती आरला मिळते, आर ऱ्हाइनला, आणि पाणी उत्तर समुद्राला जातं.

गाव इथे का वसलं, याचं उत्तर नदी सरोवरातून बाहेर पडते त्या तोंडाशीच आहे. इटलीकडून गोटहार्ड ओलांडून येणारा माल फ्लुएलेनला नावेत चढायचा आणि सरोवराच्या या टोकाला उतरायचा. नदी ओलांडायची जागा इथे, जकात इथे, बाजारही इथे. 1332 मध्ये लुझर्न सरोवराकाठच्या इतर तीन प्रांतांच्या संघात सामील झालं, त्यामागेही या मार्गाचं महत्त्व होतं.

आम्ही सकाळी साडेआठला कापेलब्र्युके म्हणजे चॅपेलच्या पुलावर पाय ठेवला. लाकडी छताचा हा पूल चौदाव्या शतकातला. तो नदीवरून तिरका जातो. नुसती नदी ओलांडायची असती तर तो सरळ बांधला असता. पण हा मुळात तटबंदीचा भाग होता. सरोवराकडून नावांतून येणाऱ्या शत्रूला अडवायचं, म्हणून नदीच्या तोंडावर लाकडाची भिंतच टाकलेली. मधला अष्टकोनी जलबुरूज पुलाहूनही जुना. नावात जल असलं तरी पाणी साठवण्याशी त्याचा संबंध नाही, तो पाण्यात उभा आहे इतकंच. तिथे कधी खजिना होता, कधी दफ्तर, कधी तुरुंग. आज पूल 200 मीटरहून थोडा जास्त आहे, पूर्वी तो याहून बराच लांब होता. एकोणिसाव्या शतकात काठ भरून रस्ते काढले, तशी पुलाची एक बाजू कापली गेली.

पुलावर चालताना मान वर ठेवायची. छताच्या तुळयांवर त्रिकोणी फळ्या आहेत आणि फळ्यांवर चित्रं. सतराव्या शतकात नगरसभेने हान्स हाइन्रिश वेगमान या चित्रकाराकडून ही चित्रं करून घेतली. विषय ठरवण्यात रेनवार्ड सिझाट या नगरलेखकाचा मोठा हात होता. गावाचा इतिहास आणि गावाचे संत, लेओदेगार आणि मॉरिशियस, हे चित्रांचे विषय. खाली जर्मन पद्य आणि ज्या घराण्याने खर्च उचलला त्याचं मानचिन्ह. बाजारहाट करणाऱ्या माणसाला येता-जाता आपल्या गावाची गोष्ट वाचता यावी, अशी ही सोय.

1993 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री पुलाला आग लागली. पुलाखाली बांधलेली एक नाव पेटली आणि ज्वाळा छताला भिडल्या, असं मानतात. पुलाचा मोठा भाग गेला, चित्रंही बहुतेक गेली. दोन्ही टोकं आणि बुरूज वाचला. गावाने आठ महिन्यांत पूल पुन्हा उभा केला आणि 1994 च्या एप्रिलमध्ये तो खुला झाला. सगळी चित्रं नव्याने रंगवून घेता आली असती. तसं केलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. पुलाच्या मधल्या भागात काही फळ्या आजही जळलेल्या आहेत. कोळशासारख्या काळ्या, कडांना भेगा पडलेल्या, आणि एका फळीच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी झग्याचा तांबूस पट्टा तेवढा शिल्लक. आत्या तिथे थांबली. म्हणाली, “हे ठेवलं ते बरं केलं. नाहीतर आग लागली होती हे कुणाला कळलं असतं?”

पुढच्या पादचारी पुलावरून परत दक्षिण काठाला यावं. मंगळवार किंवा शनिवार असेल तर या टप्प्यावर नदीकाठी सकाळचा भाजीबाजार भरलेला असतो. दक्षिण काठावरचं पांढरं, हिरव्या घुमटांचं चर्च जेझुइटांचं, 1666 ते 1677 या काळात बांधलेलं. ते कुणाच्या नावाचं आहे हे आपल्या माणसांना आवर्जून सांगायला हवं, कारण सहलीत ते कुणी सांगत नाही. ते फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत ज्याचे अवशेष आहेत, ज्याला गोवेकर ‘गोंयचो सायब’ म्हणतात, तोच हा. आतून चर्च पांढरं आणि गुलाबी, भरपूर उजेडाचं. आम्ही मागच्या बाकावर दहा मिनिटं बसलो. आत्याने गोव्यातलं चर्च दोनदा पाहिलंय. तिने हात जोडले आणि काही बोलली नाही.

चर्चपासून नदीच्या प्रवाहाबरोबर पाच मिनिटं चाललं की पाण्याचा आवाज वाढतो. इथे नाडेलव्हेर आहे. शब्दशः अर्थ ‘सुयांचा बंधारा’. बसने येणारे पर्यटक इथवर क्वचित येतात. माझ्या मते अख्ख्या लुझर्नमध्ये पाहण्यासारखी पहिली गोष्ट हीच. 1859-60 मध्ये बांधलेल्या या बंधाऱ्यात लोखंडी चौकटींना टेकवून लाकडाच्या लांब दांड्या एकीला एक खेटून उभ्या केलेल्या असतात. या दांड्या म्हणजे सुया. वसंतात आल्प्समधलं बर्फ वितळू लागलं की सरोवर फुगतं. मग कामगार बंधाऱ्यावर जाऊन सुया हाताने एकेक उपसतात आणि पाण्याला वाट करून देतात. हिवाळ्यात पाणी कमी झालं की सुया पुन्हा बसवतात. 114 चौरस किलोमीटरच्या सरोवराची पातळी इथे अशी माणसाच्या हाताने राखली जाते. 2005 च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला, त्यानंतर शेजारच्या यांत्रिक दारांचं काम नव्याने झालं, पण सुया राहिल्या.

आत्या कठड्यावर वाकून बघत होती. “अगं, हे तर बर्गे!” ती म्हणाली. आणि खरंच, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याशी हे नातं जुळतं. आपल्याकडे पावसाळा सरताना खांबांच्या खाचांतून बर्गे घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी ते काढून घेतात. आपले बर्गे आडवे, एकावर एक. इथल्या सुया उभ्या. आपल्याकडे पाण्याची चिंता उन्हाळ्याची, इथे उन्हाळ्यातच पाणी फार होतं. बाकी कुठल्या दिवशी किती काढायचे हे जाणणारा माणूस दोन्हीकडे लागतोच. बर्गे वेळेत न काढल्यामुळे पाणी शेतात घुसल्याच्या गोष्टी आत्याने तिथे उभ्या उभ्या मला सांगितल्या.

बंधाऱ्याला लागूनच दुसरा लाकडी पूल आहे, श्प्रॉयरब्र्युके. श्प्रॉयर म्हणजे कोंडा, भुसा. इथे पाणचक्क्यांवर दळण चालायचं. पलीकडच्या चौकाचं नाव आजही गिरणी चौक आहे. कोंडा आणि पालापाचोळा नदीत टाकायचा तर तो फक्त या पुलावरून, असा नियम होता, कारण गावातला हा सर्वांत खालचा पूल. वरून कचरा टाकला तर तो साऱ्या गावाच्या पाण्यात जाणार. पाण्याच्या शिस्तीचा एक नियम पुलाच्या नावात टिकून राहिला आहे. पूल 1408 मध्ये पुरा झाला, 1566 च्या पुरात गेला, पुन्हा बांधला. सतराव्या शतकात कास्पार मेग्लिंगर या चित्रकाराने त्याच्या छताखाली ‘मृत्यूचं नृत्य’ ही मालिका रंगवली. त्यातली पंचेचाळीस चित्रं आज जागेवर आहेत. प्रत्येक चित्रात हाडांचा सापळा कुणाला तरी न्यायला आलेला आहे. तो धर्मगुरूच्या दारात उभा आहे, नवरीच्या शेजारी आहे, व्यापाऱ्याच्या तागडीपाशीही आहे. प्लेगच्या साथी ज्यांनी पाहिल्या त्या लोकांना रोज या पुलावरून दळणाला जावं लागे, हे ध्यानात ठेवून ही चित्रं पाहावीत.

इथून मुझेगच्या तटाकडे चढ आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी खालूनच बघावं. 870 मीटर लांबीचा हा तट आणि त्याचे नऊ बुरूज अजून उभे आहेत. त्यातल्या घड्याळाच्या बुरुजावरचं घड्याळ 1535 सालचं, गावातलं सर्वांत जुनं. त्याला एक मान आहे. गावातल्या इतर सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी टोल देण्याचा. आम्ही दहाला मिनिटभर कमी असताना तिथे उभ्या होतो. दहा टोल पडले, संपले, आणि मग खाली गावातली चर्चं एकेक करून बोलू लागली.

खाली उतरून सिंहाकडे. पूर्वी जिथून वालुकाश्म काढत, त्या खाणीच्या उभ्या कातळात सुमारे 10 मीटर लांबीचा सिंह कोरलेला आहे. कल्पना डेन्मार्कच्या थोरवाल्डसेनची, कोरणारा लुकास आहोर्न, वर्ष 1821. कुशीत मोडका भाला, पंजाखाली फ्रान्सच्या राजघराण्याच्या लिलीफुलाची ढाल. 10 ऑगस्ट 1792 रोजी पॅरिसमध्ये जमावाने त्विलरी राजवाड्यावर हल्ला केला, तेव्हा सोळाव्या लुईच्या पहाऱ्यावर असलेले शेकडो स्विस शिपाई मारले गेले. कार्ल फायफर नावाचा त्यांचा एक अधिकारी तेव्हा रजेवर होता. पुढे त्याने धडपड करून हे स्मारक उभारलं. राजासाठी मेलेल्या भाडोत्री शिपायांचा गौरव कशाला, असं तेव्हाच्या उदारमतवाद्यांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. पण ही पोरं परमुलखात का गेली, हेही विचारायला हवं. डोंगराळ प्रांत, थोडी जमीन, घरात खाणारी तोंडं फार. शतकानुशतकं इथून पुरुष परक्या राजांच्या चाकरीला जात आणि पगार गावी येई. मनीऑर्डरीवर जगलेल्या कोकणातल्या गावांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. 1848 च्या राज्यघटनेने परक्या राज्यांशी असे नवे लष्करी करार करायला बंदी घातली. पोपच्या पहाऱ्यावरचे स्विस शिपाई तेवढे आज उरले आहेत.

सिंहाला लागूनच ग्लेचरगार्टन आहे. तिकीट काढावं लागतं, म्हणून गट बाहेरूनच वळतात. तिकिटाचे पैसे खर्च करावेतच. 1872 मध्ये आमराइन नावाच्या माणसाने दारूच्या तळघरासाठी इथे खणायला घेतलं आणि मातीखाली कातळात गुळगुळीत, गोल, खोल खड्डे सापडले. सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल आणि आठ मीटर रुंद. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी या जागेवर रॉइसच्या हिमनदाचा प्रचंड थर होता. बर्फाच्या तळाशी वितळलेलं पाणी दाबाखाली, भोवरे घेत, वाळू आणि गोटे घेऊन वाहायचं. त्या भोवऱ्यांनी खडक कोरला. त्याच कातळात लाटांच्या खुणा आणि ताडाच्या पानाचा ठसाही आहे. कारण त्याच्याही आधी, सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी, इथे उष्ण हवेचा समुद्रकिनारा होता. किनारा, मग बर्फ, मग गाव, हे सगळं एकाच दगडात पाहायला मिळतं.

आत्या मोठ्या खड्ड्याच्या कठड्यापाशी गेली आणि तिथेच खिळली. तळाशी एक मोठा गोटा पडला होता, नारळासारखा गरगरीत झालेला.

“आपली कुंडं गं ही,” ती म्हणाली.

तिचं माहेर, म्हणजे माझ्या वडिलांचं गाव, पारनेर तालुक्यातलं निघोज. तिथे कुकडीच्या पात्रात असेच रांजणखळगे आहेत, काठावर मळगंगेचं देऊळ. तिथला खडक काळा बेसाल्ट, इथला वालुकाश्म. तिथे उघडी नदी, इथे बर्फाखालचं पाणी. पण गोटा गरगर फिरतो आणि खडक झिजतो, ही रीत दोन्हीकडे एकच. आत्याने मला त्या तळाच्या गोट्याकडे बोट करून सांगितलं, “लहानपणी आम्ही असला गोटा कुंडातून काढून घरी आणला होता. आजीने परत टाकून यायला लावला. म्हणाली, तो त्याचं काम करतोय.”

साडेबाराच्या सुमाराला आम्ही सरोवराच्या काठावर, दोन अणकुचीदार मनोऱ्यांच्या होफकिर्शच्या खाली बाकावर बसलो. रस्त्यातल्या कारंज्यावर बाटली भरून घेतली होती. ते पाणी पिण्याचंच असतं. समोरून चाकांची जुनी वाफेची बोट निघाली होती. अशा पाच बोटी या सरोवरात अजून चालतात, सर्वांत जुनी ‘उरी’ 1901 ची. भारतात दुपारचे चार वाजले असणार. आत्याने फोन काढला आणि गावी माझ्या आईला लावला.

“वहिनी, पाऊस झाला का? कुंडाला पाणी आलं का बघ जरा कुणाला तरी पाठवून.”