धूर जायला जागा हवी!

नव्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये वास्तुशांतीचा होम केलायत कधी? गुरुजींचे मंत्र चाललेत, पाहुण्यांचे डोळे चुरचुरतायत आणि यजमान सोवळ्यातच स्टुलावर चढून स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधतायत... मी इंटिरिअर्स करते, त्यामुळे हा सीन मला पाठ आहे. आपण हसतो आणि सोडून देतो. पण हीच पंचाईत कॉलेजात वरचेवर होत असेल तर?

कॅनडातल्या अनेक मूलनिवासी समाजांमध्ये सेज किंवा स्वीटग्रास या वनस्पती चिमूटभर जाळून तो धूर ओंजळीने डोक्यावरून, डोळ्यांवरून घेतात. याला म्हणतात स्मजिंग. साध्या कॉलेज बिल्डिंगमध्ये हे केलं की अलार्म ठणाणा!

म्हणूनच सॅस्कटूनच्या युनिव्हर्सिटी ऑफ सॅस्कॅचेवानमधलं गॉर्डन ओक्स रेड बेअर स्टुडंट सेंटर मला जाम आवडतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सेंटरला नेकानीट फर्स्ट नेशनच्या एका आध्यात्मिक नेत्याचं नाव दिलंय. आर्किटेक्ट डग्लस कार्डिनल. स्वतः ब्लॅकफूट वंशाचे. कॅनडियन म्युझियम ऑफ हिस्टरीची ती लाटांसारखी बिल्डिंग यांचीच! इथेही टिंडल स्टोनच्या वळणदार भिंती आहेत, फोटोत एकदम झकास दिसतात. पण खरी गंमत आत, मधल्या गोल दालनात. गोलात बसलं की पहिली रांग-शेवटची रांग ही भानगडच उरत नाही. आणि धूर बाहेर जायची सोय मूळ डिझाइनमध्येच!

एवढं काय त्या धुराचं? तर १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टप्रमाणे मूलनिवासी माणसाने युनिव्हर्सिटीची डिग्री घेतली की कायद्याच्या लेखी तो ‘इंडियन’च राहत नसे. म्हणजे डिग्री घ्या आणि आपली माणसं सोडा! ही सक्ती १८८० मध्ये गेली, पण १८८५ पासून त्यांच्या समारंभांवर बंदी आली. आधी पॉटलॅच, मग प्रेअरीतले नाच. ती कायद्यातून निघाली थेट १९५१ मध्ये. शिवाय घरापासून तोडून निवासी शाळांत डांबलेली दीड लाखांहून जास्त मुलं. ज्यांच्या आजी-आजोबांनी हे भोगलं, त्यांना कॉलेजची इमारत नुसती इमारत कशी वाटेल?

आपल्याकडे कॅन्टीनच्या भिंतीवर वारली चित्रं रंगवली की ‘ट्रायबल लुक’ झाला! (मीही रंगवून घेतल्येत. क्लाएंट खूश होतो.) असं सेंटर मात्र नुसत्या नक्षीने होत नाही. तिथे येणारी मुलं काय करतात, कशी बसतात, काय जाळतात, हे आधी विचारावं लागतं. आणि ते ड्रॉइंग फायनल व्हायच्या आत, कारण सॅस्कटूनला हिवाळ्यात पारा उणे ३० ला टेकतो. ‘खिडकी उघडा आणि करा काय ते’ असं तिथे कुणाला सांगायची सोय नाही.