विमानाच्या अंगातील काचेच्या नसा

१९५४ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील फार्नबरो येथे 'कॉमेट' जातीच्या एका प्रवासी विमानाचे धड पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवण्यात आले होते. आतील पाण्याचा दाब वाढवावयाचा व पुन्हा उतरवावयाचा, असा क्रम शास्त्रज्ञांनी चालविला होता. कारण उंचावर उडताना आत भरलेल्या हवेने विमानाचे कवच असेच ताणले जाते. त्याच वर्षी ह्या जातीची दोन विमाने इटलीलगतच्या समुद्रावर आकाशातच फुटली होती. टाकीतील विमानाची १,२२१ खरी व १,८३६ कृत्रिम उड्डाणे भरली, आणि खिडकीच्या कोपऱ्यापाशी धातू फाटला. रोग होता धातूच्या थकव्याचा.

असा रोग डोळ्यांस लवकर दिसत नाही. रिव्हेटखालची चीर शोधावयाची तर विमान उभे करून त्याचे भाग उकलावे लागतात. कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाची गोष्ट तर अधिकच फसवी आहे. त्यावर एखादे जड हत्यार पडले तर वरचा पृष्ठभाग जसाच्या तसा राहून आतले थर सुटू शकतात.

म्हणून त्या थरांतच संवेदक पुरण्याची कल्पना पुढे आली. १९७८ मध्ये कॅनडात केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की प्रकाशाच्या योगाने काचेच्या तंतूच्या गाभ्यात कायमची जाळी उमटविता येते. सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने उमटलेल्या ह्या आडव्या रेषा एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत फिरवितात. तंतू ताणला की रेषांमधील अंतर वाढते व परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही वाढते. अवघा अष्टमांश मिलिमीटर जाडीचा एक तंतू, त्यावर निरनिराळ्या अंतरांच्या अनेक जाळ्या, आणि प्रत्येक जाळी आपापल्या जागेची वार्ता देणारी!

अडचण आहे ती उष्णतेची. तापमान एक अंशाने वाढले तरी मीटरमागे सुमारे ८ मायक्रॉन ताण पडल्यासारखाच फरक प्रकाशात दिसतो. आणि विमान तर धावपट्टीवरील उन्हातून थोड्याच वेळात उणे ५० अंशांच्या थंडीत जाते. ह्यासाठी ताणापासून मुक्त अशी एक जाळी शेजारी ठेवून तिचे माप वजा करावे लागते.

भारताच्या 'निशांत' ह्या वैमानिकरहित विमानाच्या शेपटीचे दांडे असे तंतू आत गुंफून तयार करण्यात आले व उड्डाणात त्यांची परीक्षा झाली. मात्र जाळीपासून दूर पडलेली बारीक चीर तिला कळेलच असे नाही. शिवाय थर एकदा भट्टीत पक्के झाले, की आत तुटलेला तंतू काढून दुसरा घालता येत नाही.