पोपटाला रोज फक्त सूर्यफुलाच्या बिया देताय?

देशी हिरवा राघू पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून हे कॉकटेल आणि बजी पाळणाऱ्यांसाठी.

सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. फक्त त्यांच्यावर वाढलेल्या पक्ष्याला यकृताचे, श्वसनाचे आजार जडू शकतात. गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग सुरू करा.

पण बिया एकदम बंद करू नका! नवं अन्न ओळखीचं नसलं की पक्षी चक्क उपाशी राहतो, आणि एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही. सकाळी भुकेच्या वेळी भाजी, संध्याकाळी थोड्या बिया. महिने लागले तरी चालतील. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा. घटत असेल तर लगेच पशुवैद्याला गाठा. वाटी भरलेली दिसते, पण त्यात बऱ्याचदा नुसती टरफलं असतात.

अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट कधीच देऊ नका, पक्ष्यांना ती विषारी आहेत.