नागपंचमी : पूजा नागाची, की पीडा?

श्रावण शुद्ध पंचमी हा नागदेवतेच्या पूजनाचा दिवस. पाटावर चंदनाने वा हळदीने नागाची आकृती रेखाटून तीस लाह्या, दूर्वा, आघाडा वाहण्याची व दुधाचा नैवेद्य दाखविण्याची आपली परंपरा आहे. शंकराच्या कंठी नाग विराजतो, श्रीविष्णू शेषावर पहुडतात. ज्याचे भय वाटते त्यालाच पूज्य मानून अभय द्यावे, ही या सणाची शिकवण होय.

व्रताचे नियम पाहिले म्हणजे हे ध्यानी येते. या दिवशी नांगरू नये, खणू नये, चिरू नये, तळू नये. म्हणूनच नैवेद्यास उकडलेली दिंडे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरून नाग बाहेर पडतात. उंदीर खाऊन शेताचे रक्षण करणाऱ्या या जीवास आपल्या हातून इजा होऊ नये, हाच या नियमांमागील भाव आम्हांस दिसतो. व्रताच्या कहाणीतही नांगराच्या फाळाने पिले मेल्यामुळे कोपलेली नागीण शांत होते, ती शेतकऱ्याच्या लेकीने पाटावर काढलेल्या नागांची मनोभावे केलेली पूजा पाहून. महाभारतात जनमेजयाचे सर्पसत्र थांबविणारे आस्तिक मुनी सर्पकुळास अभयच मिळवून देतात.

असे असता, टोपलीत कोंडलेल्या जिवंत नागापुढे दुधाची वाटी धरणे कितपत धर्मास धरून आहे? दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्यास पचत नाही. दिवसचे दिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग तहानेने व्याकूळ होऊन समोर येईल ते पितो, आणि पुष्कळदा तेच त्याच्या जिवावर बेतते. त्याचे विषदंतही बहुधा उपटलेले असतात. आपण पुण्य म्हणून जे करतो, ते त्या मुक्या जिवास मरण ठरते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे व बाळगणे हा गुन्हा ठरविला. जिवंत नागांच्या पूजेसाठी ख्यात असलेल्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या प्रथेसही पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने आवर बसला. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा श्रद्धेचा विवेक मोठा. गारुडी दारी आला तर त्यास नम्रपणे परत पाठवावे आणि मुलाबाळांना जवळ बसवून पाटावर नाग रेखाटावा. नैवेद्याचे दूध प्रसाद म्हणून घरातच वाटावे. खरा नाग त्याच्या बिळात सुखरूप राहिला, तरच आपली पूजा त्या देवतेस पावली असे आम्ही समजतो.