पाइप तुंबतो कधी, का?

पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात असो वा यवतमाळच्या एखाद्या संगणक प्रयोगशाळेत, पेरेंट आणि चाइल्ड प्रोसेसना जोडणारा पाइप तुंबण्याची ही अडचण लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतेच.

● उगम : डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आणला.

● क्षमता : लिनक्सवर सहसा ६५,५३६ बाइट. पाइप भरला की लिहिणारी चाइल्ड प्रोसेस थांबते. रिकामा असला की वाचणारी पेरेंट प्रोसेस अडकते.

● कोंडी : पेरेंट चाइल्डच्या 'स्टँडर्ड आउटपुट'चा पाइप वाचत बसते. तोवर चाइल्डच्या तक्रारींनी 'स्टँडर्ड एरर'चा पाइप गच्च भरतो. मग दोघी एकमेकींसाठी अडून राहतात.

● उपाय : वाचायच्या टोकाला 'ओ-नॉनब्लॉक' लावा. डेटा नसेल तर 'रीड' लगेच 'ई-अगेन' ही खूण घेऊन परतते. मात्र सतत विचारत राहिल्यास प्रोसेसर फुकट राबतो. म्हणून दोन्ही पाइपांवर 'पोल'ची नजर ठेवा.

● शेवटाची खूण : 'रीड'ने शून्य दिले की लेखन संपले. पेरेंटने स्वतःकडचे लिहायचे टोक उघडेच ठेवले, तर हे शून्य येत नाही.

पायथन वापरत असाल आणि आउटपुट मर्यादित असेल, तर थेट 'कम्युनिकेट' वापरा; दोन्ही पाइप ते एकदमच सांभाळते.