आचारसंहितेचे कुलूप कोणत्या कामाला?

निवडणूक आली की आमदार-मंत्री सभांच्या मंचावर आणि भद्रकाली, दूधबाजारचा दुकानदार तुंबलेल्या गटारीपुढे, हे आम्हाला नवे नाही. २०२४ मध्ये मात्र कहर झाला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, नाशिकचे मतदान २० मे रोजी. १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, मतदान २० नोव्हेंबरला. गाऱ्हाणे सांगायला नगरसेवकही नव्हता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. तोवर प्रशासक!

'साहेब प्रचारात आहेत, आचारसंहिता आहे' एवढे ऐकले की आमचे व्यापारी बांधव अर्ज खिशात घालून परततात. इथेच आपण फसतो. आचारसंहिता नवी कामे, भूमिपूजने रोखते. जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेले काम तिने थांबत नाही. साफसफाई, पाणी, दिवाबत्ती तर नाहीच नाही. मंत्र्याने सरकारी दौऱ्याला प्रचार जोडू नये, हेही तिच्यातच लिहिले आहे. ते कोणी ऐकवत नाही!

दुकानापुढचा रस्ता उकरून ठेवला असेल, तर कार्यादेशाची तारीख विचारा आणि अर्जाची पोच घ्या. गिऱ्हाईक दोन महिने फिरकले नाही, तरी भाडे आणि कारागिराची मजुरी आपल्याच गल्ल्यातून जाते.